सासूला उचलायचं आहे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिच्या आईला खाटेवरून उचलून खुर्चीवर ठेवणं.

सकाळचे सात वाजले असतील. रोजचंच काम. कुसुम, माझी बायको, डोक्याकडून. आईच्या दोन्ही काखांत हात घालायची. मी पायांकडून. सासूला चार वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवं अंग गेलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच. मी तिला मामी म्हणतो, आमच्यात सासूला तसंच म्हणतात. मामी माझ्यासमोर तोंडावर पदर घेतल्याशिवाय राहत नाही. जावयाचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, ही तिची जुनी रीत. पायाला लागला तर चालतो, म्हणून पाय माझ्याकडे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती आठ वर्षांची होती. देव सोडले, उपास सोडले, पदर काही सोडला नाही. आधी चालत्या हातानं पदर ओढायची, मग म्हणायची, घ्या.

त्या दिवशी मी जरा घाई केली. कुसुम म्हणाली, "हळू घ्या. पोतं नोहे ते, माय हाय माही."

दुपारी मेथी निवडता निवडता कुसुम कलंडली. ऑटो येईपर्यंत संपलं होतं. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. मला येत नाही. माझं शिक्षण चौथी.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे गेले. घरात मी आणि मामी. मूलबाळ आम्हाला नाही. मामीचा मुलगा उमरेडला खाणीत कामाला, एका खोलीत पाच माणसं. तो जाताना म्हणाला, "भाऊजी, तुमच्यानं हे होत नाही. मायले आश्रमात टाकू." मी म्हणालो, संक्रांतीपर्यंत थांब. संक्रांतीच काहून, तर शेजारची लता रोज सकाळी येऊन मामीला उचलू लागायची, आणि संक्रांतीनंतर तिला शाळेत स्वयंपाकाचं काम लागणार होतं. पहाटेच निघावं लागणार. तोपर्यंत मला एकट्याला मामी उचलता आली पाहिजे. नाही आली तर आश्रम. इतकी साधी गोष्ट.

एक दिवस लता वेळेवर आली नाही. लेकराला ताप होता. मी म्हटलं, बघू. मामीला बसती केली, ओढली, अन् माझी कंबर गेली. दोघंही खाली. मी तिच्या बाजूला आडवा. उठता येईना. तिचा चालता हात अंगाखाली अडकला होता आणि पदर तोंडावरून गेला होता. लग्नाच्या सदतीस वर्षांत मी तिचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. मी भिंतीकडे मान फिरवली. लता येईपर्यंत आम्ही तसेच पडून होतो. फरशी लय गार होती.

तीस वर्षं धान्याच्या बाजारात हमाली केली मी. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचो. आणि एक वाळलेली म्हातारी माझ्यानं उठेना.

सरकारी दवाखान्यात व्यायामाच्या बाईनं मला स्टुलावरून दहा वेळा उठ-बस करायला लावली. चौथ्यालाच मी थांबलो. ती म्हणाली, "काका, तुमचं अंग कामानं कमावलं नाही, झिजलं आहे. आता ताकद मुद्दाम कमवावी लागेल. पाय, कंबर. वजन घेऊन, थोडं थोडं वाढवत. एकसष्ट म्हणजे काही उशीर नाही."

मी सक्करदऱ्याकडच्या एका जिममध्ये नाव घातलं. सकाळी सातची बॅच. बूट पाहिजेत म्हणाले, बूट घेतले.

सातच्या बॅचला सगळे पन्नाशीच्या आसपासचे. एक डॉक्टर, एक बिल्डर, एक बँकेतले मोठे साहेब. भिंतीवर पांढरा फळा. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे त्याचा गोल. कोणाला दहा किलो उतरवायचे, कोणाला पोट घालवायचं, कोणाला मुलीच्या लग्नाआधी जुना सूट घालायचा होता. ट्रेनरनं मला विचारलं, काका, तुमचा गोल काय? मला समजलं नाही. तो म्हणाला, म्हणजे तुम्हाला काय जमवायचं आहे?

मी सांगितलं, "सासूले उचलायचं हाय."

सगळे हसायला लागले. सायकलवर बसलेले बँकेचे साहेब म्हणाले, "उचलून कुठं टाकता काका?" बिल्डर म्हणाला, आमचीबी घेऊन जा, ट्रक मी देतो. ट्रेनर फळ्यावर लिहीत होता, त्यालाही हसू फुटलं.

मग त्यानं मला रॉड दाखवला. जमिनीवर ठेवलेला, प्लेटा न लावलेला. म्हणाला, उचला.

मी रॉडकडे पाठ केली. गुडघ्यांवर हात ठेवले, वाकलो, मान खाली घातली. आणि वाट पाहत राहिलो.

हे लिहायला मला अजून जड जातं. हमाल पोतं जमिनीवरून उचलत नाही. दोघं जण पोत्याची टोकं धरतात, उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर ठेवतात. तिसरा फक्त वाकतो. तीस वर्षं मी तिसरा होतो. वजन म्हटलं की पाठ करायची आणि वाकायचं, हे माझ्या हाडात बसलं होतं. मी खरोखरच वाट पाहत होतो, कोणीतरी रॉड पाठीवर ठेवेल म्हणून.

आता सगळे मोठ्यानं हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत, मोबाइलमध्ये पाहत राहिले. काचेच्या खोलीतून मालक बाहेर आला. चाळिशीचा माणूस. त्यानं मला निरखून पाहिलं आणि ओळखलं. मीही ओळखलं. ज्या सेठच्या गोदामात मी वीस वर्षं होतो, त्याचा मुलगा. नाव घालताना काउंटरवर वेगळा माणूस होता, मला ठाऊक नव्हतं. सेठ आम्हाला नावानं हाक मारत नसे. सकाळी विचारायचा, आज किती पाठी आल्या? मुनीम सांगायचा, बारा पाठी. एखादा आजारी पडला तर म्हणायचा, एक पाठ कमी आहे.

मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला. बाकीच्यांना म्हणाला, "अरे, ही तर बाबूजींच्या गोदामातली पाठ आहे."

सगळे हसले. आणि मीही हसलो. कोणी हसायला लावलं नव्हतं. आपोआप हसलो.

घरी आलो तर मामीनं पदराआडून विचारलं, काय म्हणे ते? काहून सांगितलं ठाऊक नाही, पण मी सगळं सांगितलं. कुसुम असती तर तिला सांगितलं असतं.

"माह्यावरून हसले?" मामीनं विचारलं.

"हो."

"अन् तुमी, जवाईबापू?"

मी म्हणालो, मीबी हसलो.

ती भिंतीकडे वळली. त्या दिवशी तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही. दुपारी लतानं भरवलं तेव्हा जेवली.

तो चहा कपात थंड झाला, वर साय धरली. मी समोर बसून राहिलो. माझ्या लक्षात आलं, मला उचलणं कधी येतच नव्हतं. मला वाहणं येत होतं. जे दुसऱ्यानं ठेवलं ते. समोर उभं राहून, डोळ्यानं पाहून, आपल्या हातानं कोणतीच वस्तू मी जमिनीवरून वर घेतली नव्हती. आणि मामी जमिनीवर पडली तेव्हाही मी बाजूला पडून कोणाची तरी वाटच पाहत होतो.

जिम सोडली नाही. ट्रेनर माणूस बरा होता. एकदा हसला, पुन्हा हसला नाही. त्यानं शिकवलं, रॉड पायांना चिकटून पाहिजे. ढुंगण मागे, छाती वर, कंबर सरळ, जोर पायातून. पहिले पंधरा दिवस पाठ वाकायचीच. तो काठी लावून दाखवायचा. सोडताना मी धाडकन सोडायचो, पोत्यासारखा. तो म्हणायचा, नाही काका, जितका वेळ वर न्यायला लागला तितकाच खाली ठेवायला. हे सगळ्यात कठीण. रिकामा रॉड वीसचा. मग पंचवीस. मग तीस. मांड्या दुखायच्या, पायऱ्या उतरता येत नव्हत्या. पण हे दुखणं वेगळं होतं. हमालीचं दुखणं दुसऱ्या दिवशी माणूस कमी करायचं, हे वाढवत होतं.

माझ्यानंतर बँकेचे साहेब रॉड पुसून घ्यायचे. सगळेच पुसतात, नियम आहे. साहेब माझ्यानंतर दोनदा पुसायचे. मी मोजलं होतं.

मग एका रविवारी मालकानं मेंबर लोकांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम ठेवला. बायका-लेकरं आली होती, केक होता. मधोमध तांदळाचं पोतं, गोदामातून आणलेलं. पोतं पाठीवर घेऊन हॉलचा एक चक्कर मारायचा, ही शर्यत. मालक माइकवर म्हणाला, आधी आमचे काका दाखवतील, खरी देशी ताकद काय असते. बँकेच्या साहेबांनी एक टोक धरलं, बिल्डरनं दुसरं. दोघांनी पोतं उचललं. मोबाइल वर झाले.

"वाका, काका," साहेब म्हणाले.

खरं सांगतो, माझे गुडघे वाकले. मी पाठ फिरवलीही होती. समोर भिंतभर आरसा. आरशात मी मला दिसलो, हात गुडघ्यांवर, मान खाली. मागे दोघं पोतं घेऊन उभे.

मी सरळ झालो. त्यांच्याकडे तोंड केलं.

"नाही घेत."

मालक माइक खाली करून जवळ आला. "काहून काका? पन्नासचंच आहे."

"वजनाची गोष्ट नोहे. तुमी ठेवसान अन् मी वाकीन, हे आता होत नाही."

तो हसत होता, पण आवाज बदलला. "बाबूजींनी वीस वर्षं पोसलं तुम्हाला."

"मी पोसलं त्यायले. याच पाठीवर."

मालक हळूच म्हणाला, "उद्यापासून दुपारी दोनला या. सकाळची बॅच मेंबर लोकांची आहे."

"मी मेंबरच हावो. सातचा."

साहेब आणि बिल्डर अजून पोतं धरून उभे होते. कोणाच्या पाठीवर ठेवावं, त्यांना समजेना. हात भरून आले. मग सुटलं. फरशीवर आपटलं, शिवण उसवली, तांदूळ सांडले. मी बूट बांधले आणि निघालो.

मामीला यातलं काही सांगितलं नाही. तिनं त्या दिवशी चहा घेतला नाही म्हणून केलं, असं तिला वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी लता यायच्या आधी मी मामीच्या खाटेजवळ उभा राहिलो. म्हणालो, मामी, आज मी एकटा घेऊन पाहतो. पायाले नाही, काखेत हात घालावा लागंन. तिनं चालत्या हातानं पदर ओढला.

"घ्या."

मी समोरून गेलो. पाय फाकवले, कंबर सरळ, तिला छातीशी धरली. खाटेपासून वीतभर वर आली. वीतभरच. खुर्ची दोन पावलांवर होती, तिथपर्यंत माझ्यानं नेववलं नाही. मी तिला टाकली नाही. जितक्या हळू वर घेतली, तितक्याच हळू खाली ठेवली. मग लता आली आणि आम्ही दोघांनी तिला खुर्चीवर नेलं.

सातला मी जिममध्ये होतो. मालक दारातच उभा. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आत गेलो. बँकेचे साहेब रॉडपाशी मोबाइल घेऊन बसले होते. मी म्हणालो, साहेब, बाजूला व्हा, माही बारी हाय. ते मालकाकडे पाहत राहिले. मी तिथंच उभा राहिलो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. शेवटी ते उठले.

मी दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावल्या. चाळीस झाले. समोरून धरला, वर घेतला, हळू ठेवला. आठ वेळा.

दवाखान्यातल्या काट्यावर मामी बावन्न किलो भरली होती. संक्रांतीला वीस दिवस आहेत. बारा किलो बाकी आहे, आणि ते मी सकाळी सातलाच उचलणार.