वरची पट्टी, खालचं पाणी

माझी थोरली बहीण नऊ वर्षं रोज सकाळी सव्वासहाला गुडघ्यांवर बसून एका कपाटात चार लिटर पाणी ओतत असे. उन्हाळ्यात पाच. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण तिच्या नवऱ्याने तिच्यापाशी दुसरं फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

भावोजी वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. डाळीचे डबे तपासून झाले, गॅसची ज्योत तपासून झाली. मग त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आणली. पाच फूट लांब, दिवाणखान्याच्या भिंतीशी. त्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, एक म्हातारा पिवळा मासा आणि खडकांवर डोलणारी मऊ प्रवाळं. ही झाली वरची, दिसणारी टाकी. तिच्याखाली लाकडी कपाट, आणि कपाटात तीन कप्प्यांची दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी एका पाइपने खाली यायचं, कप्प्याकप्प्यातून गाळलं जाऊन शेवटच्या कप्प्यात पोचायचं, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवायचा. पंप चालू असेपर्यंत वरची पातळी जिथल्या तिथे राहते. हवेत उडून जे कमी होतं, त्याची घट दिसते ती फक्त त्या शेवटच्या कप्प्यात.

हे टाकीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते ताईला, कारण भावोजी तेव्हा कुणालातरी फोनवरून टाकीची लांबी-रुंदी ऐकवत होते.

"बाई, पाणी उडतं, मीठ मागे राहतं," तो म्हणाला. "म्हणून रोज भरायचं ते साधं गाळलेलं पाणी, खारं नाही. आणि वर बघत बसू नका. वर सगळी शोभा. काय ते खाली."

ताई खाली वाकून बघायला शिकली. भावोजी वाकत नसत. गुडघे दुखतात असं सांगत, पण मला त्यांचे गुडघे ठाऊक आहेत. वाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वरच्या टाकीच्या काचेवर पोलादी मोजपट्टी चिकटवली. रोज सकाळी सातला चहा झाला की चष्मा लावून पट्टीवरचा आकडा वाचायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचे. चारशे बासष्ट मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी चारशे बासष्ट. तिसऱ्या दिवशीही तेच.

"नऊ वर्षांत केसभर हललं नाही," ते पाहुण्यांना सांगत. "शिस्त लागते त्याला."

पाहुणे माना डोलवत. ताई चहाचा ट्रे घेऊन उभी असे.

"आणि ही म्हणजे आमचा पाणक्या," ते पुढे म्हणत. "टाकीत इतकं पाणी घालते, पण हिला काही शिकवायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी." पाहुणे हसत. ताईही हसे. एकदा मी हसले नाही, तर मला म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्या घरी कुणी विनोद करत नव्हतं वाटतं?" माझे यजमान जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

माशांना खाणं घालायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पिवळा मासा त्यांच्या बोटातून खायचा. ताई काचेजवळ गेली की खडकामागे लपायचा, कारण तिच्या येण्याचा अर्थ त्याच्या लेखी नुसती बादली.

एकदा ती त्याच बादलीसकट घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आतून भावोजींनी विचारलं, "किती सांडलं?" दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या हाताने दोन-दोन लिटर करून ओतू लागली. तक्त्यात चारशे बासष्टच.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दूरच्या शहरात राहते. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्हीदा गर्भ गेला. दुसऱ्या वेळी तिचा नवरा कामासाठी परदेशात होता आणि ती दवाखान्यात एकटी. "आई, चार दिवस ये ना," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. भावोजींनी ताईला विचारलं, "आणि पाणी कोण घालणार? मी?" ताईने भरलेली बॅग तशीच पलंगाखाली सारली आणि पाच दिवसांनी रिकामी केली. मी म्हटलं होतं, मी घालीन पाणी. त्यावर ते म्हणाले, "माझ्या टाकीला परका हात मी लागू देत नाही."

भाचीला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. शेवटचे सहा आठवडे पाठ टेकून पडून राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. या वेळी तिने आईला ये म्हटलं नाही. कुरिअरने एक खोकं पाठवलं.

खोक्यात आपोआप पाणी भरणारं यंत्र होतं. सुपारीएवढा तरंगणारा गोळा, त्याची वायर, एक छोटा पंप आणि नळी. गोळा जिथे बसवाल तिथलं पाणी खाली गेलं की यंत्र शेजारच्या पिंपातलं साधं पाणी सोडतं आणि पातळी भरली की थांबतं. चाळीस लिटरच्या पिंपात दहा दिवस निघतात.

भावोजींनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "यंत्र पाणी घालणार? मग तू काय करणार?"

"मी पोरीकडे जाणार," ताई म्हणाली.

मी समोरच बसले होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याशी बोललेलं, प्रश्न नसलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"जा," ते म्हणाले. "माशांना काही झालं तर मात्र या घरात तोंड दाखवू नकोस."

ताईने टाकीवाल्याला फोनवर घेऊन यंत्र स्वतः बसवलं. गोळा शेवटच्या कप्प्यात, पंपाच्या चार बोटं वर. नळीही तिथेच. दोन दिवस आधीच चालू करून बघितलं आणि निघताना पिंप पुन्हा काठोकाठ भरलं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: पिंप कधी भरायचं, बटण कुठलं, टाकीवाल्याचा नंबर. दर आठव्या दिवशी पिंप भरायला मी येणार होते. त्याला भावोजींनी नाही म्हटलं नाही, कारण पिंप म्हणजे काही टाकी नव्हे. बुधवारी दुपारच्या गाडीने ती गेली.

सोमवारी सकाळी सातला मला फोन आला. "या," एवढंच म्हणाले. मी दोन गल्ल्या सोडून राहते. गेले तेव्हा दार उघडं होतं, गालिचा पायाखाली पचपचत होता आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छत गळतंय म्हणून जिन्यात ओरडत होते. टाकीतलं पाणी स्तब्ध होतं. केशरी जोडी तळाशी आडवी पडली होती. पिवळा मासा वर, पाण्याशी तोंड उघडून मेला होता. प्रवाळांचा लगदा झाला होता. पिंप कोरडं पडलं होतं.

"बघा तुमच्या बहिणीचे प्रताप," भावोजी म्हणाले.

मी वाकून कपाट उघडलं. शेवटच्या कप्प्यात गोळा नव्हता. वायरच्या मागे मागे गेले. ती कपाटातून बाहेर, टाकीच्या कडेने वर नेलेली होती, ठिकठिकाणी चिकटपट्टीने नीट बसवलेली. भावोजींचं काम नेहमीच नीटनेटकं. गोळा वरच्या टाकीत होता, मोजपट्टीला अगदी खेटून, चारशे बासष्टच्या रेघेवर. नळीही वर आणली होती.

"हे कधी हलवलंत?"

"ती गेली त्याच दुपारी. पाणी मोजायचं ते टाकीत मोजायचं, कपाटात नव्हे. शेंबड्या पोरालाही कळतं."

पुढचं सगळं सरळ होतं. वरचं पाणी हललंच नाही, म्हणून यंत्राने चार दिवस थेंब सोडला नाही. खालचा कप्पा आटत गेला. पंप हवा ओढून गुरगुरू लागला आणि टाकीभर बुडबुडे सुटले. "मला वाटलं, हवा चांगली मिळतेय," असं ते टाकीवाल्याला नंतर म्हणाले. रविवारी रात्री ते झोपल्यावर पंप जळाला. वर येणारं पाणी थांबलं आणि वरची पातळी एक बोट उतरली. तेव्हा कुठे गोळ्याला पाणी कमी झाल्याचं कळलं, आणि यंत्राने चाळीसच्या चाळीस लिटर साधं पाणी एका दमात खाऱ्या टाकीत सोडलं. पाइपमधून ते खाली वाहत राहिलं, खालची टाकी भरून गालिच्यावर सांडलं, वर कधी भरलंच नाही, म्हणून यंत्र थांबलंही नाही.

भावोजींनी ताईला फोन लावला. मोबाइल टेबलावर ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"मेले सगळे. तुझ्या यंत्राने मारले. आजच्या आज गाडीत बस."

 पलीकडून ताईचा आवाज. "अहो, गोळा कुठे आहे?"

"तो प्रश्न नाहीये."

"कुठे आहे?"

"पट्टीजवळ."

"मी कुठे बसवला होता?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहिलं.

"सगळे मेले ना?" ताई म्हणाली. "मग आता येऊन मी पाणी कशात घालू?"

तिने फोन ठेवला.  भावोजींनी पिवळा मासा जाळीने काढला आणि हाताच्या तळव्यावर घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. आत ते रडत होते. मी फरशी पुसली.

दुपारी मी घरून ताईला फोन केला. विचारू नये ते विचारलं. "तुला माहीत होतं का गं, ते हलवतील म्हणून?"

"बेचाळीस वर्षांत मी ठेवलेली वस्तू जागेवर राहिलीय कधी?"

"मग चिठ्ठीत लिहायचंस, हलवू नका म्हणून."

"लिहिलं असतं तर मी गाडीत बसायच्या आधीच त्यांनी हलवला असता."

"आणि मासे?"

"मासे त्यांच्या हातचं खायचे," ती म्हणाली. मग कुजबुजली, "ठेवते, पोरीचा डोळा लागलाय."

मुलगी झाली. वजन कमी होतं, पण रडली जोरात. ताई सहा आठवडे राहिली, वर आणखी आठ दिवस. फोनवर तिचा आवाज मला ओळखू येत नव्हता. भलत्या गोष्टी सांगायची. बाळाला उजव्या कुशीवरच झोप लागते, भाचीच्या हाताला चव आहे, दोघी पत्ते खेळतात.

परतली त्या दिवशी मीच तिला घरी सोडलं. भावोजींनी तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, पण दार त्यांनीच उघडलं आणि बाजूला झाले.

भिंतीशी नवी टाकी उभी होती, कालच बसवलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडकीची एक झडप अडेल इतकी लांब. पाणी फिरत होतं, आत अजून मासे नव्हते. काचेवर पट्टी लावलेली होती. ताईने फोन ठेवला त्याच दुपारी त्यांनी ही मागवली होती, हे मला टाकीवाल्याकडून आधीच कळलं होतं. मी ताईला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने आठ दिवस आणखी लांबवले असते की आठ दिवस आधी आली असती, ते मला ठरवता येईना.

"रोज नऊ लिटर उडतं म्हणाला," भावोजी म्हणाले. "उन्हाळ्यात अकरा. यंत्र या घरात पुन्हा येणार नाही. बाळ कसंय?"

"बरंय," ताई म्हणाली.

"फोटो नंतर दाखव. सकाळपासून भरलेलं नाही."

तिने बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन फिल्टरच्या नळाखाली बादली लावली. तो नळ बारीक चालतो. नऊ लिटर भरायला पाऊण तास लागतो. ती तिथेच उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि माझ्या मोबाइलवर बाळाचे फोटो पाहिले, तिनेच पाठवलेले.

भाचीला दुसरं बाळ दीड वर्षाने झालं, मुलगा. ताईने त्याचं रडणं फोनवर ऐकलं.