चेनीची खरखर

मी जोडलेल्या सायकलीची चेन घासते आहे हे माझ्या बायकोला कळलं, दुकानवाल्या चाचांना कळलं, शेजारच्या म्हातारीलाही कळलं. मला तेवढं कळलं नाही. आज हे लिहिताना थोडं हसू येतं, पण तेव्हा कुणी हसलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मी सोलापुरात एका कापड गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, जॉबर होतो. बिघडलेला साचा, म्हणजे माग, चालता करायचा, हे माझं काम. एका छपराखाली शेकडो साचे दिवसभर धडधडायचे. बारा वर्षांत कापसाच्या भुग्यानं छाती भरून खोकला जडला होता. बायकोनं धोशा लावला होता, "अवो, सोडा ती गिरनी. दुसरं कायतरी बगा."

बाजाराच्या रस्त्यावर एका चाचांचं सायकलीचं दुकान होतं आणि त्यांना मिस्त्री हवा होता. त्यांनी तीन मोडक्या सायकली माझ्यापुढं टाकल्या. "तिन्हीतनं एक चालती करा. चेन गप पळाली पायजे. मग बसा हितं माझ्याजवळ."

मला आकाश ठेंगणं झालं. सांगाडा एका जुन्या सायकलीचा घेतला. पुढचं दात्यांचं चाक आणि पायडलं दुसरीची, ती विलायती. मागचं चाक फ्रीव्हीलसकट तिसरीचं, ती जपानी. रविवारी खात्यातल्या तीन जॉबर दोस्तांना बोलावलं. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत एकेकानं फेरी मारली आणि तिघांनीही मान डोलावली. "एकदम गप हाय की!" मी सगळ्यांना चहा पाजला.

ते गेल्यावर बायको उंबऱ्यात येऊन म्हणाली, "चेन घासतीया. पायडल फिरलं की दर खेपेला खर्र वाजतंय बगा."

मी भडकलो. चार जॉबर एकीकडे आणि ही एकीकडे! "मंद्रूपच्या बैलगाडीपलीकडं तुला काय कळतं?" असं मी तिच्या माहेरावर गेलो. ती चहाच्या कपबशा उचलून आत गेली. ते बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तसाच मी सायकल घेऊन चाचांकडे गेलो. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि उतरून म्हणाले, "मिस्त्री, चेन घासते."

"कुठं घासते?" मी मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं, कान अगदी चेनीजवळ नेला. "काही नाही, चाचा."

ते रागावले नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानंच मी घाबरलो. मग त्यांनी माझा हात धरून चेनीशेजारच्या नळीवर ठेवला आणि स्वतः पायडल फिरवलं. दर फेऱ्याला माझ्या बोटांखाली नळी थरथरत होती. बोटांना खरखर स्पष्ट लागत होती आणि कानात काहीच नव्हतं.

साळखात्यात कुणी आवाजानं बोलतच नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, हातवारे करायचे. घरीही मी सवयीनं माणसाच्या तोंडाकडे बघूनच बोलत असे, त्यामुळे कान कधी गेले याचा मला पत्ताच लागला नाही. माझ्या त्या तिन्ही दोस्तांचंही तसंच असणार. आम्ही चार बहिऱ्यांनी मिळून सायकल गप असल्याचा निकाल दिला होता.

"पुढल्या ऐतवारी आणा," चाचा म्हणाले.

'तुझं खरं होतं' एवढं बायकोला सांगायला मला बुधवार उजाडला. तिनं टोमणा मारला नाही. सायकलीजवळ बसून म्हणाली, "फिरवा तुमी. मी सांगती."

पाळी सुटल्यावर ऊन उतरायच्या आत आम्ही कामाला बसायचो. मी आधी चेनीवरचं पत्र्याचं झाकण ठोकून बाहेर काढलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग मी आमच्या धंद्याची युक्ती केली. ताण्याचं सूत घेतलं आणि पुढच्या दात्यांपासून मागच्या दात्यांपर्यंत ताठ धरलं. दोष लगेच दिसला. जपानी चाकाचं फ्रीव्हील विलायती दात्यांच्या रेषेत नव्हतं, चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत होतं. चेन तिरकी पळत होती आणि तिची कूस दात्यांवर घासत होती.

फ्रीव्हील काढून त्याच्यामागं पितळेचं पातळ कडं घातलं. "कमी झालं. अजून हाय." त्याहून जाड कडं घातलं. "आता येका जागीच वाजतंय." एक दाता वाकलेला होता, तो तिनं बोट दाखवून पकडून दिला आणि मी ठोकून सरळ केला. मग ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. "आवाज गेला."

मी नळीवर बोटं ठेवली. नळी निवांत होती. त्या तीन दिवसांत मी सुखात होतो आणि मनातून हादरलेलाही होतो. चाचांच्या दुकानात ती माझ्याजवळ बसणार नव्हती, हे मला दिसत होतं. पण तो विचार मी पुढं ढकलत राहिलो.

रविवारी ती बाजाराची पाटी घेऊन माझ्याबरोबर आली आणि कोपऱ्यावर लिंबाखाली थांबली. चाचांनी लांब फेरी मारली, उतरले आणि सीटवर थाप मारली. "चोख काम. हात लई चांगला हाय तुमचा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली बसून मागचा नट उगीच आवळत राहिलो.

मान वर केली तर दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. चाचा माझ्या पाठीमागून वळसा घालून समोर आले.

"तीनदा हाक मारली, मिस्त्री."

मी पाना खाली ठेवला.

"गिऱ्हाईक येऊन काय सांगतंय? आवाज येतोय, एवढंच. तुमी काय बगणार? आन् दुरुस्तीनंतर रस्त्यावर फेरी मारावी लागती. मागनं टांगा आला तर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुरा नक्को मानो. मेरे से नै होता."

ते हळू बोलले की मोठ्यानं, मला माहीत नाही. मी ते त्यांच्या ओठांवर वाचलं.

माझं तोंड बघून बायकोला सगळं कळलं. आम्ही घराकडे निघालो, मी पुढं आणि ती चार पावलं मागं, आमच्याकडे नवराबायको चालतात तसं. माझा जीव जळत होता. ज्या गिरणीनं कान नेले तिच्यातच आता हाडं झिजवायची, कारण कानांवाचून दुसरीकडे कोण ठेवून घेणार? वाटेत वहाणेचा अंगठा तुटला म्हणून मी थांबलो आणि मागं वळलो. तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणालीस?"

"कवापासनं बोलतीया मी."

"कधीपासून?"

"दुकानापासनं."

मी तिथंच उभा राहिलो. बारा वर्षं बाजाराच्या, देवळाच्या, मंद्रूपच्या वाटेवर मी पुढं चाललो होतो आणि ती मागं. माझी बायको अबोल आहे, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगत असे.

"शेजारी चाल," मी म्हणालो.

तिनं इकडंतिकडं बघितलं. "लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. मला कुठं ऐकू येणार आहे?"

ती हसली नाही. तिनं पदर नीट केला, पाटी दुसऱ्या काखेत घेतली आणि माझ्या बरोबरीला आली. मग तोंड माझ्याकडे करून तिनं दुकानापासूनचं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.