नोटपॅडवरचे नाना

माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं. केबल सैल असते, उंदराने वायर कुरतडलेली असते, नाहीतर कोणीतरी मोबाइल चार्ज करायला राउटरचाच प्लग काढलेला असतो. "मॅडम, आपोआप झालं" असं कोणी म्हणालं की मी तोंड दाबून हसते. तेव्हा हे वाचून तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही...

मी धुळ्यात, देवपूरला राहते. घराच्या मागच्या खोलीत बसून बऱ्याच ऑफिसांची नेटवर्क सांभाळते — त्यांचा स्क्रीन माझ्या स्क्रीनवर उघडायचा आणि बिघडलेलं इथूनच नीट करायचं. बहुतेक ठिकाणी मी पाऊलही ठेवलेलं नाही. त्यातलंच एक बोदवडचं केळी पिकवण्याचं केंद्र. ओळीने बंद खोल्या, आत केळीचे क्रेट. सगळ्या खोल्यांचं तापमान ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसतं, आणि तो कॉम्प्युटर नानांच्या ताब्यात.

नाना मूळचे साक्रीकडचे. तरुणपण कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, तिथल्या मशीनच्या आवाजाने कान गेले. फोनचा काही उपयोग नव्हता. मग आमची एक पद्धत पडली. मी जोडले गेले की नाना नोटपॅड उघडायचे आणि आम्ही दोघं एकाच पानावर टाइप करायचो. ते अहिराणीत. 'राम राम माय. जेवनी का?' याचं उत्तर दिल्याशिवाय कामाला हात लावू द्यायचे नाहीत. नुसतं 'हो' लिहिलं तर लगेच 'काय जेवनी?' यायचं. माझ्या घरच्यांनी कधी एवढी चौकशी केली नसेल. मला फार आवडायचे ते.

त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. दुपारी मी अपडेट टाकायला जोडले गेले. नोटपॅड उघडलं. राम राम नाही, जेवणाचं नाही.

'तीन नंबरनं दार उघाडाले सांग. आपा मझार शे.'

मझार शे म्हणजे आत आहे, तीन नंबरच्या खोलीत. आपा म्हणजे तिथे क्रेट धुणाऱ्या शबानाआपा. पिकवण्याची खोली बंद असली की आतली हवा श्वास घेण्यासारखी राहत नाही. दार उघडून वारं खेळू दिल्याशिवाय आत जायचं नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं.

मी लिहिलं, 'नाना, तुम्हीच उघडा ना. कुठे आहात तुम्ही?'

मग एकेक अक्षर उमटलं.

'मी बी मझारच शे.'

मला वाटलं, घाईत चुकलं असेल. खोलीत अडकलेला माणूस ऑफिसातल्या कीबोर्डवर टाइप कसा करेल? तरी राउटर बंद-चालू करायला मी ज्यांना सांगते, त्या वॉचमन सुपडूभाऊंना फोन लावला.

"हापीसले तं कुलूप हाये, ताई," ते म्हणाले. "नाना बाजारात गेले असतीन."

"भाऊ, आधी तीन नंबर उघडा. मी फोन ठेवत नाही."

चपलांचा आवाज, दाराचा जड खटका, मग "अरे देवा..." आणि फोन बंद. स्क्रीनवर आणखी एक ओळ येत होती. 'पहिले तिले काढा.'

शबानाआपा वाचल्या. नाना नाही.

आपा राहिलेले क्रेट आणायला आत गेल्या आणि चक्कर येऊन पडल्या. नाना त्यांना काढायला धावले, मागून दार लागलं. आतून उघडायचा दांडा कधीचा मोडलेला होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. याचा मला आजही संताप येतो. दाराखाली रबर फाटून फट पडली होती. नानांनी आपांना ओढत तिथे नेलं, त्यांचं तोंड फटीला लावलं आणि स्वतः बाजूला झाले.

पुढे मी बोदवडला जाऊन आपांना भेटले. "बेटी," त्या म्हणाल्या, "नाना दीवारला टेकून बसले होते. बोटं मांडीवर चालत होती, टाइप करतात ना, तशी. फिर रुक गयी. त्याच्या बहुत देर बाद दार उघडलं."

ऑफिसची किल्ली नानांच्या खिशात निघाली. त्यांचा साधा बटणांचा फोन ऑफिसातच टेबलावर होता. त्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कोणीही जोडलेलं नव्हतं, हे मी तपासून तपासून पाहिलं. कारण सापडलं नाही. आता शोधणंही सोडलं आहे.

एक गोष्ट मात्र आपांना सांगितली नाही. सुपडूभाऊंचा फोन तुटल्यावर मी स्क्रीनकडे पाहत राहिले होते. बऱ्याच वेळाने खाली एक ओळ आली.

'जेवनी का, माय?'

मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे नाना बाहेर आले, ठीक आहेत... मी 'हो' लिहिलं आणि 'काय जेवनी?' यायची वाट बघत बसले. आला तो सुपडूभाऊंचा फोन.