रुमालाखालचा हात

आमच्या घरी हे धान्याचे अडते. तूर, हरभरा आणि मिरची यापलीकडे जगात काही असेल, यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. अशा माणसाला समुद्रपूरच्या पोरांनी फुटबॉल क्लबाचं अध्यक्ष केलं, आणि का, तर गोलच्या जाळीसाठी यांनी फुकटची सुतळी दिली म्हणून. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गळ्यात हार घालून घरी आले तेव्हा मी विचारलं, "किती गडी खेळते, हे तरी माहीत हाय का तुमाले?"

"मले कुठं खेळाचं हाय?" हे म्हणाले. "अध्यक्षाले खुर्चीवर बसा लागते."

खुर्चीवर बसणं यांना जमतं, एवढं मी मान्य करते. पण चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की यांच्या हाताला घाम सुटतो. लग्नात भटजींनी माझा हात यांच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, यांनी तांब्यात हात बुडवून आणलाय. अडतीवर सौदा करताना मात्र हाच हात कोरडा ठणठणीत. आमच्याकडे बैलबाजारात काय आणि अडतीवर काय, भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्यांना दिसायचा तो फक्त रुमाल. रुमाल काढला की सौदा झाला समजायचं.

अंतिम सामना वर्ध्याच्या टीमशी होता. खेडोपाडीचे लोक बैलबंड्या जुंपून आले होते. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. वर्ध्याचे अध्यक्षही व्यापारीच, सफारी घातलेले. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही अध्यक्षांनी मैदानाच्या मधोमध हात मिळवायचे, असं ठरलेलं. हे निघाले आणि मला लांबूनच कळलं की घाम सुटलाय, कारण चालता चालता हे रुमालानं तळवा पुसत होते. पुसणं संपायच्या आतच समोरच्यानं हात पुढं केला. यांनी गडबडीत रुमालासकट आपला हात दिला. रुमाल दोघांच्या हातांवर पसरला, तिथं जरा राहिला आणि मग खाली पडला.

त्या गर्दीत रुमालाचा अर्थ न कळणारं एक माणूस नव्हतं.

मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल झाला नाही, आणि मी सगळ्या देवांना हात जोडून घेतले. पुढं आमच्या गोलकीपरच्या पायांमधून चेंडू गेला. साधा, रांगत आलेला चेंडू. मागून कोणीतरी ओरडलं, "इकली रे! सेठनं मॅच इकली!" मग तेच सगळीकडून ऐकू येऊ लागलं. शेवटची शिट्टी वाजली, आम्ही हरलो, आणि लोक यांच्या मांडवाकडे धावले. मांडवाच्या टिनावर दगड पडायला लागले. "अडत्याचं गोदाम पेटवा!" असंही कोणीतरी ओरडलं. गोदामात तागाच्या पोत्यांचा बारदाना ठासून भरलेला होता, आणि त्याच्याच वरच्या आमच्या घरात माझी दोन लेकरं जाऊबाईंजवळ निजली होती.

मी कशी उठले, पदर कुठं होता, काही आठवत नाही. एरवी मी पालीला पाहून पळणारी बाई, पण त्या दिवशी भीतीनंच मला गर्दीत घुसवलं. हे खुर्चीची पाठ धरून उभे होते. समोर एक म्हातारा शेतकरी होता, वर्षानुवर्षं आमच्याच अडतीवर तूर आणणारा.

"सेठ, कितीत इकली?" त्यानं विचारलं.

"बाबाजी," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना, "तुमी यायच्यासंगं किती सौदे केले! आता यायचा हात धरून पाहा. मैदानात रुमालानं हाच घाम पुसत होते."

त्यानं हात धरला. लगेच सोडला आणि आपला हात धोतराला पुसला. "अरे, हा तं वल्ला चिंब हाय!" तो मागं वळून म्हणाला. "सौद्याच्या वक्ती सेठचा हात असा नसते. हा भेला हाय बिचारा. सोडा रे त्याले."

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघा-तिघांनी यांचा हात चाचपून पाहिला आणि तेही हसले. लोक हळूहळू बंड्यांकडे वळले. मी मात्र तशीच घराकडे धावत सुटले.

लेकरं शांत निजली होती. मी त्यांच्या अंगावरून हात फिरवत बसले. दिवे लागले तेव्हा हे आले. मी म्हटलं, "तुमच्या घामानं वाचवलं आज."

हे हसले नाहीत. "त्यानं बोटं दाबली होती," म्हणाले.

"कोनं?"

"वर्ध्यावाल्यानं. हातावर रुमाल आला अन् त्यानं दोन बोटं दाबली. त्याले वाटलं, मी सौदाच कराले आलो."

"मंग?"

"मंग काय? हात वल्ला होता. निसटला."

मी ओढून घेतला, असं काही ते म्हणाले नाहीत. आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. मैदानात वाटली त्यापेक्षा जास्त भीती मला तेव्हा, माझ्याच घरात वाटली.

पुढं कित्येक वर्षं हेच अध्यक्ष राहिले. प्रत्येक फायनलला मी पहिल्या रांगेत बसे. लोक म्हणत, सेठाणीले फुटबॉलचा भारी शौक हाय. मला आजही एक गोल आठवत नाही. हे हात मिळवायला निघाले की रुमाल काढून तळवा पुसतात का, तेवढंच मी पाहत असे. पुसला की माझा जीव भांड्यात पडे.