वाढदिवसाचा ताप

तापाने घरी राहिलेल्या मुलाच्या कपाळाला स्वतःचा हात लावल्याशिवाय आमच्या बाई त्या तापावर विश्वास ठेवत नसत. पेणच्या शाळेत पाठीमागे सगळे त्यांना संशयबाई म्हणायचे.

सकाळी फाटकात उभ्या राहून त्या गणवेश न्याहाळत. हमरापूरच्या एका मुलाच्या बाहीवर सोनेरी डाग दिसला. "गणपती रंगवायला युनिफॉर्म घालून बसलास ना?"

"नाय बाई, बाबांनी हात पुसला."

"का? घरात फडकी संपली?" असं म्हणत बाईंनी बाही हुंगली. वर आम्हाला ऐकवलं, "युनिफॉर्ममध्ये सगळी सारखी दिसता, म्हणूनच मला बारीक बघावं लागतं."

माझे वडील मिठागरात कामाला होते. धड म्हणावा असा माझा एकच कपडा, तो गणवेश. शाळेत वाढदिवसाला रंगीत कपडे घालून चॉकलेटं वाटायची पद्धत होती, त्यामुळे त्या दिवशी मला हटकून ताप यायचा. बाई आमच्या वर्गशिक्षिका होण्याआधी दोन वर्षं ते खपून गेलं. तिसऱ्या वर्षी जुनं हजेरीपुस्तक चाळून शाळा सुटल्यावर बाई थेट दारात हजर.

"दरवर्षी वाढदिवसालाच बरा ताप येतो? मला संशय येतोय."

आई घाईघाईने म्हणाली, "व्हय बाई, सकाळपासून अंग तापलंय तिचं."

बाईंनी कपाळाला हात लावला. ते गारच होतं. मग त्यांची नजर दोरीवर वाळणाऱ्या गणवेशावर गेली, तिथून मी घातलेल्या आईच्या जुन्या गाऊनवर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताप आहे खरा," बाई म्हणाल्या, "उद्या उतरेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं, की वाढदिवसालाही युनिफॉर्मच घालायचा आणि चॉकलेटं बंद. पोरांनी बोंबाबोंब केली. पालकांना वेगळाच वास आला. बाईंना युनिफॉर्मचा एवढा पुळका, म्हणजे कापडवाल्याशी साटंलोटं असणार! बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण कारण कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या वाढदिवसाला वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "कॉलर नीट कर."

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आता मी रोह्याला शिक्षिका आहे. परवा आमच्या शाळेत रंगीत कपड्यांचा दिवस होता. वर्गातली एक मुलगी आली नाही. "ताप हाय तिला," तिच्या आईने फोनवर सांगितलं. आवाजावरून मला संशय आला. शाळा सुटल्यावर रिक्षा करून तिच्या घरी गेले आणि आधी कपाळाला हात लावला.

"ताप आहे खरा," मी म्हणाले, "उद्या उतरेल."