दर दोन तासांनी कूस

शेलूबाजारच्या थांब्यावर नागपूरची गाडी यायला पाऊण तास होता आणि बाबा तेवढा वेळ माझ्या मोठ्या बॅगेवर हात ठेवून उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. दादा म्हणाला, "बाबा, बॅग काही पळून नाही चालली." बाबा म्हणाले, "बॅग नाही रे, पोरगी चालली." मग माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, "पेशंटले लाजजो नको, माय. अन् त्याले लाजवजो नको." गाडी आली, बॅग डिकीत गेली, वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मी खिडकीतून हात केला. बाबांनी केला नाही. धोतराचा सोगा सावरत ते नुसते उभे होते.

हे तुम्हा पोरींसाठी लिहिते आहे. मंगरूळपीरच्या, मानोऱ्याच्या, वाशीमच्या पोरी मला मेसेज टाकतात, "ताई, तुमाले जर्मनीत जॉब कसा भेटला? आमाले पन सांगा ना." सांगते. त्यात काही चमत्कार नाही. नर्सिंगचा कोर्स पूर्ण करा, भाषेची परीक्षा रडत रडत का होईना पास व्हा, आणि जागा मागताना जिथं कोणी जायला तयार नाही तिथली मागा. मोठ्या शहराच्या मागं लागलात तर वाट पाहत बसाल. मी मागितलं ते पोलंडच्या हद्दीजवळचं एक गाव. शाळा बंद पडलेली, दुकान एक, तरुण माणूस औषधाला नाही, आणि मधोमध म्हाताऱ्यांनी भरलेला एक वृद्धाश्रम. मुलाखतीत तिथल्या बाईनं विचारलं, इथं फार एकटं वाटेल, चालेल का? मी म्हटलं, मी खेड्यातलीच आहे. तिला इतका आनंद झाला की मलाच शंका आली.

एक गोष्ट मी मेसेजमध्ये कोणाला लिहीत नाही. नर्स नसलेलं गाव मला आसेगावच्या पुढं, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भेटलं असतं. आमच्या खेड्याच्या आरोग्य उपकेंद्राला तेव्हाही कुलूप होतं, आजही आहे. तिथली कंत्राटी जागा मला विचारली होती आणि मी नाक मुरडलं होतं. जिथं सगळे मला नाकातून शेंबूड गळत असल्यापासून ओळखतात तिथं मला कोण सिस्टर म्हणणार? खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं.

नर्सिंगला नाव घातलं तेव्हा आत्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. "परक्या माणसायचं हागनं-मुतनं काढन काय आपली पोरगी? कोन करन इच्याशी लग्न?" आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे आत्याला आवरणारं कोणी नव्हतं. बाबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "आजारी मानूस बाई नसते, बुवा नसते. आजारी असते. त्याले कायची लाज?" मी ते वाक्य घेऊन कॉलेजला गेले, जर्मनीलाही गेले. परीक्षेच्या तोंडी भागात तेच जर्मनमध्ये सांगितलं तर परीक्षकानं मान डोलावली.

इथं माझ्या वाट्याला हेर क्राउझ आले. हेर म्हणजे आपल्याकडचं राव. नव्वदीचे, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले, आता कमरेखाली हालचाल नाही. त्यांच्या दाराच्या आत एक तक्ता टांगलेला असतो. आठ वाजता उजवी कूस, दहाला पाठ, बाराला डावी. प्रत्येक वेळी सही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर आधी कातडी लाल होते, मग फुटते, मग आत सडत जाते. हे आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी हेर क्राउझना वळवते, पाठ पाहते, माकडहाडाशी बोट दाबून पाहते, टाचेखाली उशी सारते. सुरुवातीला तेही लाजायचे. मी बाबांचं वाक्य ऐकवलं. तेव्हापासून मी आले की म्हातारा जमेल तेवढा आपणहून वळतो. माझ्या वॉर्डात एकाच्याही पाठीला जखम नाही, हे तपासणीला आलेल्यांनी लिहून दिलं. तो कागद मी दादाला पाठवला होता आणि दादानं गावभर दाखवला होता.

मी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी आणलं. माझी इथली, नर्स म्हणून मान्यता मिळण्याची परीक्षा तोंडावर होती. दादा म्हणाला, "तू कायले येतं? आमी हाव ना. आता बरे हायेत." मी त्याला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदल. तो म्हणाला, "हो." मला ते हो पुरलं. आता मीच मला विचारते, अगं बाई, तुला नाही का माहीत तुझं घर? पेरणीचे दिवस होते. दादा सकाळी आठला वावरात जाणार तो दिवस मावळता येणार. घरात कोण? एकटी वहिनी. आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांसमोर पदर खाली घेऊन, उंबऱ्याशी ताट ठेवून मागं सरणारी. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो. आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही, ते असतंच. दुसऱ्या कोणाचा बाप असता तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता की दिवसा घरी कोण असतं.

दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. बाबा दाढी करून, उशीला टेकून तयार. मला चेहरा दिसायचा. वाकडं झालेलं तोंड हळूहळू सरळ होत होतं म्हणून मी खूश. खाटेच्या मागं उदबत्त्या जळत असायच्या, एक नाही, चार-चार. मी दादाला चिडवलं, "लई देवभोळा झाला रे तू!" दादा हसला नाही. पुढच्या रविवारी धुपाटणं पण दिसलं. बाबा म्हणाले, "कंबर दुखून राह्यली जराशी." मी म्हटलं, "पडून पडून दुखणारच, बाबा." दादा म्हणाला, सांजचा बारीक ताप येते. मी गोळीचं नाव सांगितलं. व्हिडिओ कॉलला वास येत नाही. मी त्या खोलीच्या दारात उभी असते तर मला नाकानंच कळलं असतं.

एका रविवारी बाबांनी दादाला बाहेर पाठवलं. मला वाटलं दादाची तक्रार असेल. "माय," ते म्हणाले, "तुले एक इचारू काय?" मी म्हटलं, विचारा. ते खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जेवली काय?"

आता नीट वाचा, कारण यासाठीच मी लिहायला बसले. मला कळलं होतं. काय ते नव्हतं कळलं, पण अंगाचं काही आहे, कमरेखालचं आहे, बापाला लेकीला सांगवत नाही, एवढं कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं: बाबा, दादाला बोलवा, कुशीवर वळा, धोतर सरकवा, मला पाठ दाखवा. हे वाक्य मी परक्या भाषेत दिवसातून वीस वेळा बोलते. माझ्या भाषेत माझ्या बापाला ते मला बोलता आलं नाही. मी लाजले. म्हटलं, "जेवली बाबा, तुमी जेवले काय?" आणि फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला, बाबा ओळखत नाहीत, बडबडून राह्यले. मी तिसऱ्या दिवशी घरी पोचले. अंगणातच वास आला. मंगरूळपीरहून डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. मी आत गेले, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. दादाला म्हटलं, "धर, वळवू." त्या आवाजानं बाबांना शुद्ध आली. त्यांनी मला ओळखलं आणि चांगल्या हातानं धोतराची गाठ घट्ट पकडली. "तू नको, पोरी. तू नको वो माय."

मी म्हटलं, "आजारी माणसाला कायची लाज, बाबा?" ते ऐकेनात. मूठ सोडेनात. मरायला टेकलेल्या माणसात इतकं बळ कुठून आलं देव जाणे. मग मी नर्स झाले. मूठ कशी सोडवायची ते मला येतं, आधी करंगळी उचलायची. मी एकेक बोट सोडवलं. बाबा रडत होते. त्यांना डाव्या कुशीवर, भिंतीकडे वळवलं आणि पाहिलं. माझी मूठ त्या जखमेत मावली असती. तळाशी हाड दिसत होतं. चिकटलेला फडका दादानं शेवटी कधी बदलला होता ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी दादाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. "उदबत्त्या जाळत होता, मेल्या! उदबत्त्या!" एवढं सगळ्या गल्लीनं ऐकलं. तो म्हणाला, "बाबाच म्हनत, पोरीले सांगजो नको. शप्पथ घातली मले. कोनी नर्स भेटते काय म्हनून आसेगाव-मंगरूळ पालथं घातलं. साऱ्या तुयासारख्या बाहेर गेल्या." वहिनी दाराआड उभी होती. ती म्हणाली, "ताई, बारा वर्सांत मी त्यायचं तोंड धड पाह्यलं नाही. हात कसा लावू सांगा तुमीच." मी तिला कसायाचं काळीज आहे तुझं, असं म्हटलं. माझंच कोणतं काळीज होतं, ते तिनं विचारलं नाही.

मी जखम धुतली, भरली, बांधली. तशी पट्टी त्या तालुक्यात कोणी बांधली नसती. मग दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला गेले. पण उजव्या कुशीवर, माझ्याकडे तोंड करून ठेवलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मी हाक मारायची, पाणी पाजायची. पाणी प्यायचे. डोळे उघडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी त्यांना भिंतीकडे वळवलं आणि सहाला परत वळवायला गेले तेव्हा ते गेले होते. त्या मुठीनंतर बाबांनी मला एकदाही पाहिलं नाही.

मी जर्मनीला परत आले. लोक नावं ठेवतात, ठेवू द्या. हेर क्राउझ अजून आहेत, आठला उजवी, दहाला पाठ, बाराला डावी. मला पाहून हसतात. त्यांची लेक दूर राहते, रविवारी फोन करते, मी फोन धरून उभी राहते. आमच्या उपकेंद्राला कुलूप आहेच, जागा हवी असेल त्या पोरीनं तिथंही पाहावं. आणि बाहेर गेलात तर घरी फोन केल्यावर जेवलात का हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी म्हणा, फोन मागं न्या, पाठ दाखवा. लाज वाटेल. वाटू द्या.

दादाचा फोन येतो. तो घर दाखवतो, नवा रंग दिलेली भिंत दाखवतो, खाट हलवून टाकली ती जागा दाखवतो. मी पाहते. बाबांचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न करते, थांब्यावरचा, सुपारी कातरतानाचा, कोणताही. तो येत नाही. घर म्हटलं की मला त्यांची पाठ दिसते.