भिंतीकडे तोंड करून

दुर्ग स्टेशनवर मुलीला गाडीत बसवून मी परत येत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "ताई, हे उठून नाई राहिले," एवढंच ती म्हणाली. मी खुर्सीपारला दादाच्या घरी पोहोचेपर्यंत शेजारच्यांनी डॉक्टरांना आणलं होतं आणि डॉक्टर परतही गेले होते. दुपारच्या झोपेतच दादा गेला. त्याला आता सात आठवडे होतील. भेटायला येणारे सांगतात, किती शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. पण मला आठवतो तो शांत दादा नाही. मला आठवतो कॉम्प्युटरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेला, कान टवकारलेला दादा. आणि त्याच्या बाबतीत मी केलेल्या दोन गोष्टी आठवतात, ज्यांतली एक तरी नक्की चूक होती. कोणती, ते मला अजून ठरवता येत नाही.

नव्वदनंतरची ती पाच-सहा वर्षं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. रविवारी क्लास बंद असे आणि चावी माझ्याकडे असे. दादा एका खासगी ओतकाम कारखान्यात क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे ओतीव तुकडे या टोकापासून त्या टोकाला न्यायचा. रविवारी दुपारी जेवण झालं, की तो सायकल मारत क्लासवर यायचा. कुणीतरी दिलेल्या एका फ्लॉपीवर युद्धाचा एक खेळ होता. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर रणगाडे, तोफा, पायदळ. आधी एकाने आपली चाल करायची, मग दुसऱ्याने. चाल चालू असताना दुसऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं. पण कॉम्प्युटरच्या पोटातला तो छोटा स्पीकर गप्प बसत नसे. रणगाडा निवडला की घर्र, तोफेला एक जाड ठोका, पायदळाला बारीक, उंच टिक-टिक. पाठ फिरवलेला माणूस मोजून सांगू शकायचा, की समोरच्याने काय काय हलवलं.

दादाला त्यात कुणी हरवू शकत नसे. दिवसभर साखळीचा ताण कानांनी ओळखणारा माणूस तो. मी चाल संपवायच्या आत तो भिंतीशी बोलायचा, "तीन रणगाडे, एक तोफ. पुलाकडून येऊन राहिली ना तू?" मग मी फसवायला शिकले. एकच रणगाडा चार वेळा निवडायचा आणि हलवायचा मात्र नाही. त्याला वाटावं, मोठी फौज निघाली. तो हसायचा. "कुंदे, चारही घर्र एकाच अंतराने आले. खरी फौज विचार करत चालते, थांबत थांबत." मग मी थांबत थांबत खोटं बोलायला लागले. तो त्याच्या चालीत खोट्या आवाजांमध्ये खरी तोफ लपवायचा आणि मी हमखास फसायचे. घरी बाबांसमोर मान वर न करणारा माझा भाऊ इतका सफाईनं फसवतो, याचं मला फार अप्रूप होतं.

मग तो हरायला लागला. पहिल्या दोन-तीन रविवारी मला वाटलं, ही त्याची नवी युक्ती असणार. माझं पायदळ जंगलातून सरळ त्याच्या तोफांपर्यंत जायचं आणि तो दुसरीकडेच फौज लावून बसलेला असायचा. एका रविवारी मी ठरवून फक्त पायदळ हलवलं. सात तुकड्या. खोलीभर टिक-टिक झाली. मी हात थांबवला आणि वाट बघितली... भिंतीकडे तोंड करून दादा म्हणाला, "खेळ ना. कावून थांबली?"

मी पुन्हा सातही तुकड्यांवर फिरले. त्याची मान हलली नाही. मग एक रणगाडा निवडला. "हां," तो लगेच म्हणाला, "एक रणगाडा." जाड आवाज त्याला येत होता. बारीक, उंच आवाज येतच नव्हता. आणि क्रेनखाली उभा राहणारा माणूस त्याला थांबायचा इशारा शिट्टीने देत असे, हे मला माहीत होतं.

मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं, तेव्हा त्याने आधी उडवून लावलं, मग खुर्चीत मागे टेकला. "पुढच्या महिन्यात मेडिकल आहे," तो म्हणाला. "नापास झालो तर खाली आणतील मले. झाडू मारायले लावतील. कोणाले सांगू नको, बाई." आणि थोड्या वेळाने, "तू मले मदत कर."

मी मदत केली. ही त्या दोनांतली पहिली गोष्ट. तपासणीत काचेपलीकडे बसलेला माणूस बटण दाबतो आणि आवाज आला की आपण बोट वर करायचं, एवढं दादाला ठाऊक होतं. मी खेळाचा आवाज बंद करायचे आणि कळा दाबायचे. त्याला हात दिसत नसत, फक्त माझा खांदा दिसे. खांदा जरासा हलला, की तो बोट वर करायचा, तेही लगेच नाही, अर्धा क्षण थांबून. तीन रविवार आम्ही हेच केलं. तो पास झाला. पेढे घेऊन आला, आणि मी ते खाल्ले.

त्यानंतर मात्र मला चैन पडेना. शिकवताना फळ्यावर चुका व्हायच्या. सायकलची घंटी वाजली तरी दचकायचे. शेवटी एका सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि धनेश्वरला गाठलं. क्रेनखाली उभं राहून शिट्टी मारणारा तो हाच. मी अडखळत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे बिडी विझवली. "मोला मालूम हे, दीदी. दू बछर होगे," तो म्हणाला. दोन वर्षं! म्हणजे क्लासच्या शांततेत टिक-टिक ऐकू येत होती, तेव्हाच कारखान्याच्या गोंगाटात दादाला शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. शिट्टी धनेश्वर फोरमनला ऐकू जावी म्हणून वाजवत होता, आणि दादासाठी हात हलवत होता. मला हसू आलं आणि रडूही. मग तो म्हणाला, मुलीच्या लग्नासाठी तो पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस गावी जाणार आहे.

"आणि तुमच्या जागी?"

"नवा लइका हे," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

त्याच संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. वहिनीसमोरच बोलले. "त्या नव्या पोराला काही माहीत नाही. तो शिट्टी मारेल आणि वाट बघत उभा राहील. तू क्रेनवरून उतरला नाहीस, तर मी उद्या फोरमनला सांगेन." ही दुसरी गोष्ट. वहिनीला त्याच्या कानांबद्दल तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच फोरमनकडे गेला. झाडू नाही, पण स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायचं काम मिळालं, कमी पगारावर. रविवारचं येणं थांबलं. त्या वर्षी भाऊबीजेला मी ताट तयार करून दुपारपर्यंत बसले होते... कारखान्यात त्यानंतर काहीही झालं नाही. म्हणजे मी बरोबर होते, असं सिद्ध करणारंही काही झालं नाही. तो वर राहिला असता तरी कदाचित काही झालं नसतं. हा "कदाचित" मला अजून झोपू देत नाही.

पुढच्या भाऊबीजेला तो आला. ओवाळून घेतलं, जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, "क्लासची चावी आहे का अजून?" आम्ही गेलो. खुर्ची फिरवायच्या भानगडीत तो पडला नाही. माझ्या शेजारी बसला. "आता आपण दोघं एकीकडे, कॉम्प्युटर दुसरीकडे," म्हणाला. मी माफी मागितली नाही, त्यानेही कधी विषय काढला नाही. नंतरच्या वर्षांत जाड आवाजही गेले. कानात घालायचं यंत्र त्याला कधी मानवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी खुर्सीपारला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात होती, मी बाहेरच्या खोलीत. काहीतरी विचारायचं म्हणून तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले, बाहेर आली, माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. माझं लक्ष आहे ना, ते पाहिलं आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "चहा... ठेवू... का?"

मग तिचं तिलाच कळलं. ती तशीच उभी राहिली.

"ठेव," मी म्हटलं. तितक्याच मोठ्याने.